जावयाचा पर्च

कुइक्का गावात कुणी कुणाला सल्ला देत नाही. शेजाऱ्याच्या धुराड्यातून ठिणग्या उडायला लागल्या, तर इथला माणूस आपल्या अंगणात येऊन त्या धुराड्याकडे बघत उभा राहतो. बराच वेळ बघतो. ते बघणं शेजाऱ्याच्या लक्षात आलं तर उत्तम. नाही आलं तर शेवटी घर त्याचं आहे. याला गावात सभ्यपणा म्हणतात, आणि आपल्या सभ्यपणाचा गावाला मोठा अभिमान आहे.

तुओमोच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण गावाची ही रीत त्याला ठाऊक नव्हती. सासुरवाडीला तो नाताळात दोन दिवस आणि उन्हाळ्यात चार दिवस यायचा, आणि त्या सहा दिवसांत बोलण्याचं काम तोच करायचा. धंदाही तोच होता. हेलसिंकीतल्या कचेऱ्यांमधून तो लोकांना एकमेकांशी कसं बोलावं हे शिकवत फिरायचा.

गोष्ट सुरू झाली नाताळच्या जेवणावर. त्याचे सासरे एन्सिओ शहात्तर वर्षांचे. ताटातला बटाटा संपवून ते म्हणाले, "ओइवाचे गुडघे गेले."

ओइवा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. दर मार्चच्या शेवटच्या रविवारी गोठलेल्या तळ्यावर गावाची मासे धरायची चढाओढ होते, ती जोडीजोडीने. तीस वर्षं एन्सिओ आणि ओइवा ही एक जोडी. बक्षीस एक तांब्याची कॉफीची किटली. एरवी ती वर्षभर विजेत्याच्या घरी राहते आणि परत येते. पण जो तीनदा जिंकेल त्याची ती कायमची. एन्सिओ दोनदा जिंकले होते.

"म्हणजे यंदा तुम्हाला जोडीदार नाही?" तुओमोच्या बायकोने, मार्युक्काने विचारलं.

"मी आहे की!" तुओमो म्हणाला. तोंडात घास होता, म्हणून विचार करायला वेळ मिळाला नाही. "बर्फावरची मासेमारी? पुष्कळ केलीय मी!"

खरी गोष्ट अशी, की एकदा कचेरीच्या सहलीला तो गोठलेल्या तळ्यावर गेला होता आणि तंबूत बसून त्याने चार सॉसेज खाल्ले होते. मार्युक्काने त्याच्याकडे पाहिलं. एन्सिओंनीही पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"बरं," ते म्हणाले. एन्सिओंच्या हिशेबाने हे भाषणच झालं.

चढाओढीचा नियम साधा आहे. मासा फक्त पर्च धरायचा, तोच तो अंगावर काळे पट्टे आणि पोटाखाली तांबडे पर असलेला. सकाळी दहाची शिट्टी, दुपारी दोनची शिट्टी, आणि जोडीच्या माशांचं मिळून वजन. मात्र दोघांनीही निदान एकेक पर्च धरलाच पाहिजे, नाहीतर जोडी बाद. बायकोला नुसतं बसवून एकट्यानेच दोघांचे मासे धरणारे काही निघाले होते, तेव्हापासूनचा हा नियम.

म्हणजे एन्सिओंनी चार तासांत तळं रिकामं केलं, तरी तुओमोच्या हाती एक पर्च लागल्याशिवाय त्याचा उपयोग शून्य. एकच पर्च. तो कितीही लहान चालणार होता.

मार्चच्या त्या रविवारी ऊन लख्ख पडलं होतं आणि बर्फावर चाळीस माणसं एकमेकांकडे पाठ करून बसली होती. तुओमो आला तो नव्या कोऱ्या सामानासकट. लाल अंगरखा, गळ्यात, पाण्यात पडलंच तर बर्फात रोवून वर यायचे दोन टोचे, पाठीवरच्या पिशवीत बसायची तिपाई, खोकाभर रंगीत गळ आणि एक गिरमीट, ज्यावर अजून दुकानाची चिठ्ठी होती. एन्सिओंकडे एक जुनं गिरमीट, गळाची एक काठी आणि एक झारा होता. बर्फाला भोक पाडलं की त्यातला चुरा काढायला झारा लागतो. एन्सिओंचा झारा स्वयंपाकघरातलाच होता.

"तर मग, आपली आखणी काय?" तुओमोने विचारलं.

एन्सिओंनी तळ्याकडे पाहिलं. "मासे धरायचे," ते म्हणाले आणि चालू लागले.

शिट्टी झाली. तुओमोने काठाजवळ एक छान सपाट जागा निवडली आणि गिरमीट फिरवायला लागला. फिरवलं, आणखी फिरवलं. बर्फावर साधा ओरखडासुद्धा उठेना. घाम आला, टोपी काढली, पुन्हा फिरवलं. वीसेक पावलांवरचे दोघे म्हातारे वळून बघत होते. आपल्या खांद्यांची ताकद त्यांच्या नजरेत भरली असणार, असं तुओमोला वाटलं. त्याने त्यांना हात केला. त्यांनी मान हलवली.

गिरमिटाच्या पात्यांवर प्लास्टिकचं झाकण होतं. ते सातव्या मिनिटाला आपोआप निसटून पडलं.

"निघालं," एक म्हातारा म्हणाला.

"मला वाटलं नव्हतं निघेल," दुसरा म्हणाला, आणि दोघांनी पुन्हा पाठी फिरवल्या.

मग भोक पडलं, अगदी झरझर पडलं, आणि खाली पाती दगडावर आपटली. तिथे पाणी होतं जेमतेम गुडघाभर. तुओमो तरी त्यावर पाऊण तास बसला. पर्च उथळ पाण्यात येतो असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. ते उन्हाळ्यातल्या पर्चबद्दल होतं. खोक्यातला सगळ्यात मोठा गळ त्याने तंगुसाच्या दोऱ्याला बांधला होता. चमच्याएवढा तो गळ बघून वीतभर पर्चने केला असता तर नमस्कार केला असता. आमिषासाठी आणलेल्या अळ्यांची डबी त्याने हाताशी असावी म्हणून बर्फावर उघडी ठेवली.

अकराच्या सुमाराला एन्सिओ तिथून गेले. त्यांची पिशवी चांगली जड दिसत होती. ते थांबले आणि त्या डबीकडे बघत राहिले.

"थंडी आहे," ते म्हणाले.

"मस्त आहे! अंगात कसा हुरूप येतो!" तुओमो म्हणाला.

एन्सिओ आणखी थोडं थांबले. तोंड उघडल्यासारखं झालं, मिटल्यासारखं झालं, आणि ते निघून गेले. तुओमोने डबीत बोट घातलं तेव्हा अळ्यांचे तांदूळ झाले होते. सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला सल्ला दिला होता आणि आपण त्यांना हवेबद्दल व्याख्यान दिलं, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. त्याने गोठलेली अळी गळाला लावली. ती मोडली.

बारा वाजता तळ्याच्या मधोमध वाटाण्याचं सूप मिळायला लागलं. पातेल्याशेजारी वोइत्तो उभा होता. तो पंचमंडळाचा मुख्य. शिट्टी त्याच्याकडे, काटा त्याच्याकडे, नियमांची वहीही त्याच्याकडे. आणि चढाओढीत त्याची स्वतःची जोडीही होतीच.

"काय जावईबुवा, लागलं का काही?"

"मोठ्यांची वाट बघतोय," तुओमो म्हणाला. "लहानसहान सोडून देतो मी."

सगळ्यांचे चमचे थांबले. गुडघाभर पाण्यातून कुठले लहानसहान आले आणि कुठे सोडले, असं कुणी म्हटलं नाही. लोक सूप पीत राहिले.

"एन्सिओचे चार किलो झालेत म्हणे," वोइत्तो पातेल्याला उद्देशून म्हणाला. "चार किलो. आणि सोबत मोठ्यांची वाट बघणारा जोडीदार. बाबा, नशीब लागतं."

यावर मात्र लोक हसले. एन्सिओंनी वाडग्यातून मान वर केली नाही. तुओमोने ते पाहिलं. म्हाताऱ्याची तीस वर्षांची किटली आपल्या एका थापेला टांगलेली आहे, हे त्याला एकदम कळलं. आता तरी कुणालातरी विचारावं. पण चाळीस माणसांपुढे काय विचारणार? मासा कसा धरायचा, हे?

त्याने विचारलं ते आपल्या फोनला. नकाशात तळं मध्ये कमरेसारखं आवळलं होतं. वरच्या तळ्याचं पाणी तिथून खालच्या तळ्यात उतरत होतं. जिथे पाणी वाहतं तिथे हवा, जिथे हवा तिथे मासे, असा तर्क त्याने केला. तर्क चांगलाच होता. मासे होतेही तिथे. सामान उचलून तो त्या अरुंद जागेकडे निघाला.

तिथलं बर्फ पांढरं नव्हतं, राखाडी होतं. गावातलं शेंबडं पोरसुद्धा तिकडे फिरकत नाही, कारण वाहतं पाणी खालून बर्फ खात असतं, आणि मार्चअखेर तर अधाशासारखं खातं. चाळीस माणसांनी लाल अंगरखा तिकडे जाताना पाहिला. वोइत्तोने चमचा खाली ठेवला. कुणीतरी घसा खाकरला. कुणीतरी म्हणालं, "गळ्यात टोचे आहेत त्याच्या," म्हणजे बुडला तरी तयारीनिशी बुडेल. एन्सिओ उठून उभे राहिले, बसले, पुन्हा उठले. सगळे अगदी मन लावून बघत होते. बघण्यात गावाने काही कसर ठेवली नाही.

तुओमोला पाठीवर त्या नजरा जाणवल्या, आणि तो छाती काढून चालायला लागला.

"तुओमो!"

हाक अशी आली, की पार पलीकडच्या काठावरचे कावळे उडाले.

"आहेस तिथे थांब! एक पाऊल पुढे टाकलंस तर कान धरून आणीन!"

तो थांबला. पायाखाली काहीतरी बारीक कुरकुरलं, आणि उजव्या बुटात गार पाणी शिरलं.

"वळू नकोस. काठी टाक. आडवा हो, पोटावर. हां. आता खेकड्यासारखा मागे सरक, आलास त्याच वाटेने. घाई केलीस तर मला तुझ्यामागे यावं लागेल, आणि माझं वजन तुझ्याहून जास्त आहे."

आवाज आउनेबाईंचा होता. बाई त्र्याहत्तर वर्षांच्या. छत्तीस वर्षं त्यांनी गावची शाळा चालवली होती; तळ्यावरच्या निम्म्या माणसांना, वोइत्तोलासुद्धा, बेरजा त्यांनीच शिकवल्या होत्या. आता त्या आपल्या बहिणीबरोबर, लेंपीबरोबर चढाओढीत उतरायच्या, आणि यंदा एन्सिओंच्या खालोखाल त्यांचाच नंबर लागत होता.

तुओमो सरकत सरकत पांढऱ्या बर्फावर आला तेव्हा त्याच्या दाढीत बर्फ होतं आणि चेहऱ्यावर रंग मुळीच नव्हता. बाईंनी त्याला उठवलं, अंगरखा झटकला आणि लव्हाळ्याच्या कडेला आपल्या भोकापाशी नेऊन बसवलं. बूट काढायला लावून पायाला आपला लोकरी हातमोजा चढवला.

"आता सांग. किती वेळा मासे धरलेस?"

"तसे पुष्कळ..."

"वही घरी राहिली, हे मी छत्तीस वर्षं ऐकलंय, बाळा."

तुओमोने आजूबाजूला पाहिलं. "एकदाही नाही," तो अगदी हळू म्हणाला.

"छान. म्हणजे आता सुरुवात करता येईल." बाईंनी खिशातून डबी काढली. "ह्या घे चार अळ्या. ओठाच्या आत ठेव."

"तोंडात?"

"मग कुठे? बाहेर ठेवल्यास की मरतात, पाहिलंस ना. चावू नकोस म्हणजे झालं. आणि तोंडात अळ्या असल्या की माणूस गप्प बसतो. तुला दुहेरी फायदा."

तुओमोने डोळे मिटून अळ्या ओठाआड घेतल्या. त्या वळवळल्या. आयुष्यात प्रथमच त्याच्याजवळ बोलण्यासारखं पुष्कळ होतं आणि त्याला बोलता येत नव्हतं.

बाईंनी घाई केली नाही. आधी झाऱ्याने भोक साफ करून घेतलं, दोनदा, कारण पहिल्यांदा त्याने निम्मा चुरा आतच ठेवला. चमच्याएवढा गळ सोडवून त्याच्या जागी मुगाएवढा बांधला. "आता सोड खाली. दोरा सैल पडला? म्हणजे तळ आला. तळाला दोनदा टेकव, चिखलाचा धूर उठू दे. पर्च चौकस असतो, बघायला येतो. आता एक वीत वर घे, आणि थांब. नाही, हे थांबणं नव्हे, हे हलणं आहे. थांब म्हणजे थांब. तो तू थांबल्यावरच घेतो."

तुओमो चुकला. बाईंनी तेच पुन्हा सांगितलं, त्याच आवाजात. तो पाचव्यांदा चुकला तेव्हाही आवाज तोच होता. लेंपी दुरून ओरडली, "अगं, आपला वेळ चाललाय!" बाईंनी हात हलवून तिला गप्प केलं. दोन भोकं बदलून झाली. दोनला वीस मिनिटं उरली असताना तिसऱ्या भोकावर काठीचं टोक वाकलं. अगदी जरासं, कुणीतरी बाहीला धरून खुणवावं तसं.

"ओढ. झटका नको, नुसतं ओढ."

भोकातून जो वर आला तो बोटापेक्षा थोडा लांब होता. काळे पट्टे, तांबडे पर, पाठीवर काट्यांचा इवलासा पंखा उभारलेला, डोळ्यांत कमालीचा राग. तुओमो किंचाळला आणि एक अळी गिळून बसला.

दोनला वोइत्तोने शिट्टी मारली. वजनं झाली. एन्सिओंचे पाच किलो दोनशे ग्रॅम. तुओमोचे एकतीस ग्रॅम. आउनेबाई आणि लेंपी दुसऱ्या, तासभर वाया जाऊनही. वोइत्तोची जोडी तिसरी. तांब्याची किटली टेबलावर उन्हात चमकत होती आणि एन्सिओंची नजर तिच्यावर होती. म्हातारा हसत नव्हता, पण कानांची टोकं लाल झाली होती.

"एक अडचण आहे," वोइत्तो म्हणाला. त्याने नियमांची वही उघडली, पुढून मागे चाळली, मागून पुढे चाळली. "एका जोडीने दुसऱ्या जोडीला शिकवलं तर काय करायचं, ते यात लिहिलेलं नाही."

"का नाही लिहिलं?" लेंपीने विचारलं.

"कारण असं कधी झालेलंच नाही."

लोकांनी माना डोलावल्या. खरंच झालं नव्हतं.

"पण आता," वोइत्तो घसा साफ करत म्हणाला, "कुणी काही पाहिलंच नसेल, तर काही झालंच नाही. पाहिलंय का कुणी?"

चाळीस माणसं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. वाट अगदी मोकळी होती. तुओमोने फक्त गप्प राहायचं होतं. किटली एन्सिओंची, मासा त्याचा, आणि तो पुष्कळ मासेमारी केलेला माणूस. त्याने सासऱ्यांच्या लाल कानांकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. बाईंचा एक हात उघडा होता आणि थंडीने निळसर झाला होता, कारण हातमोजा तुओमोच्या पायात होता.

"मला बाईंनी शिकवलं," तो म्हणाला. "मी याआधी कधी मासा धरलेला नाही. नाताळात मी थाप मारली होती. आणि तुम्ही कुणी काही पाहिलं नाही कसं? मी त्या राखाडी बर्फावर चाललो होतो तेव्हा तुम्ही सगळे बघत होतात की!"

असं कुणी कुणाला तोंडावर बोलायची त्या गावात पद्धत नव्हती.

"आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल," सकाळी गिरमीट बघत बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाला.

"मोठा माणूस," दुसरा म्हणाला. "उगाच कसं बोलायचं?"

"मत घेऊ," वोइत्तो घाईघाईने म्हणाला. "शिकवून धरलेला मासा हिशेबात धरावा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

आउनेबाईंचा निळा हात वर झाला, लेंपीचा झाला, आणि सूप वाढणाऱ्या बाईचा पळीसकट झाला. एन्सिओंचे हात खिशातच राहिले. स्वतःच्या फायद्यासाठी हात वर करणं त्यांना जमणारं नव्हतं.

"नको असं ज्यांना वाटतं त्यांनी?"

बाकीचे सगळे हात वर गेले. एकदा हे धरलं तर उद्या तळ्यावर जो तो बोलायला लागेल, असं कुणीतरी पुटपुटलं, आणि ते सर्वांना पटलं. एन्सिओंची जोडी बाद झाली. मग बोलल्याबद्दल आउनेबाईंचीही जोडी बाद झाली. राहिली तिसरी.

"मला तर हे काही बरं वाटत नाही," वोइत्तो म्हणाला आणि किटली काखेत मारून घरी गेला.

एन्सिओ आणि तुओमो बर्फावरून घराकडे निघाले. माशांची घसरगाडी एन्सिओ ओढत होते. तुओमो मागून लंगडत होता, एका पायात बूट, दुसऱ्या पायात हातमोजा आणि त्यावर बूट. तुओमो मनात तीन-चार प्रकारची माफी तयार करत होता. कामाला येईल अशी एकही निघेना.

"मी उठलो होतो," एन्सिओ अचानक म्हणाले. वळले नाहीत. "तू तिकडे गेलास तेव्हा. दोनदा उठलो."

"पाहिलं नाही मी."

"ओरडायला हवं होतं." दोरी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "मार्युक्काला काय सांगितलं असतं मी? मला वाटलं त्याला माहीत असेल, असं?"

कचेऱ्यांना बोलायला शिकवणाऱ्या माणसाने आपली सगळी तयारी सोडून दिली. आणि त्याने, आयुष्यात पहिल्यांदाच, माहीत नव्हतं तेच विचारलं.

"एन्सिओ, या तळ्यात पर्च कुठे असतो?"

म्हातारा थांबला. घसरगाडी येऊन त्याच्या टाचांवर आपटली. तो वळला, जावयाकडे पाहिलं, हातातल्या झाऱ्याच्या दांड्याने बर्फावर तळ्याची एक बाजू आखली, मग दुसरी.

"जानेवारीत," एन्सिओ म्हणाले, "इथे. पण वारा उत्तरेचा असेल तर नाही."

मग फेब्रुवारी आला. मग लव्हाळ्याची चार बेटं, प्रत्येकाची खोली, तळाला कुठे वाळू आणि कुठे चिखल, सत्तावीस वर्षांपूर्वी ओइवाने कुठे आणि का चूक केली, ढगाळ दिवशी कुठला रंग आणि उघाडीला कुठला. कुणीच कधी विचारलं नव्हतं, म्हणून शहात्तर वर्षांचं सगळं आत साठून राहिलं होतं, आणि आता ते थांबायचं नाव घेईना. मध्ये तुओमोने "चालता चालता बोलायचं का?" असं सुचवून पाहिलं, तर एन्सिओंनी त्याला खांद्याला धरून नकाशाच्या दुसऱ्या बाजूला उभं केलं, कारण तिथून खालचं तळं नीट दिसत होतं.

मार्युक्का त्यांना शोधायला बर्फावर आली, तेव्हा ऊन कललं होतं, तुओमोला उजवा पाय जाणवत नव्हता, आणि तिचे वडील गुडघ्यांवर बसून एप्रिल महिना आखत होते.